एक प्रिंटर, दोन मजले



आज संगणकाविषयी लिहिणार आहे. "हा विषय आमच्या ह्यांचा" किंवा "ते सगळं मुलगा बघतो" असं म्हणून पुढे जाऊ नका. मला नेमकं त्याच वाक्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्या घरात दोन संगणक आहेत. खाली बैठकीच्या खोलीत ह्यांचा, जुना. त्यावर टॅली आहे, आणि मंदिराच्या हिशेबाचं काम हे त्यावरच करतात. वरच्या मजल्यावर सूनबाईचा, तीन वर्षांपूर्वी घेतलेला. ती घरी बसून सात-आठ दुकानदारांची जीएसटीची कामं बघते. प्रिंटर मात्र एकच आणि तोही वर, तिच्या टेबलाशेजारी, कारण घेतला तो तिच्या कामासाठी. तिच्याच पैशांनी घेतला, हेही सांगायला हवं.

ह्यांना एखादं पान छापायचं झालं की फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, अठरा पायऱ्या चढायच्या आणि सुनेच्या दारात उभं राहायचं. तिने हातातलं काम थांबवायचं, पेनड्राइव्ह लावायची, पान काढून द्यायचं. खाली येऊन बघतात तर एका आकड्यात चूक. की पुन्हा अठरा पायऱ्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली, पण जिना उतरताना ते अजून कठडा धरतात. मीही पाठशाळेतल्या मुलांसाठी कागद काढायला महिन्यातून एकदा वर जायचे, पण माझं काय, मी सुनेच्या खोलीत तशीही जाते. सासऱ्यांचं तसं नसतं.

एका दुपारी हे वर गेले तर दाराला आतून कडी. सूनबाई एका दुकानदाराशी कॅमेऱ्यावर बोलत होती. तिची काही चूक नाही, मागे एकदा ती अशीच बोलत असताना हे बनियनवर मागून गेले होते आणि समोरच्याला ते दिसले होते. तिने त्याबद्दल शब्द काढला नाही, फक्त कडी लावायला लागली. हे खाली आले, पेनड्राइव्ह टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "राहू दे." त्यानंतर आठ दिवस त्यांनी काही छापलं नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "मी माझा वेगळा प्रिंटर घेतो."

मैत्रिणींनो, चाळीस वर्षांच्या संसारानंतर बाईला एवढं कळतं की "माझा वेगळा" या शब्दांचा रोख प्रिंटरवर नसतो.

मी नको म्हटलं. तेव्हा मी अपरिग्रहाचं कारण पुढे केलं, एक वस्तू घरात असताना दुसरी कशाला. खरं सांगायचं तर मला त्या "वेगळा"ची भीती वाटली होती. पण मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, म्हणून कागदावर हिशेबही मांडला. दुकानदाराने साडेतेरा हजार सांगितले होते. हे महिन्याला पंचवीस-तीस पानं छापणार. शाईचा प्रिंटर पडून राहिला की त्याच्या तोंडाशी शाई वाळते, मग तो स्वतःला साफ करण्यातच अर्धी शाई खर्च करतो. घसारा वापरलं तरी लागतो, न वापरलं तरी लागतो. दोन अर्धपोटी प्रिंटर पाळण्यापेक्षा एकाला पुरेसं काम दिलेलं बरं. हा मुद्दा ह्यांना पटला, कारण तो आकड्यांत होता. मग म्हणाले, "ठीक आहे, माणूस बोलावू आणि दोन्ही जोडून घेऊ."

माणूस आला. पंचविशीतला पोरगा, हुशार, घाईत. चहा घेता घेता म्हणाला, "काकू, दहा मिनिटांचं काम आहे. वरच्या संगणकाची अख्खी डी ड्राइव्ह शेअर करून टाकतो, पासवर्डची कटकट बंद करतो, फायरवॉल पण बंद करतो. कुठूनही काहीही उघडेल."

कुठूनही काहीही उघडेल! हे वाक्य ऐकून हे खूश झाले. मी सूनबाईकडे पाहिलं. ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता. तिच्या डी ड्राइव्हवर काय आहे? सात-आठ दुकानदारांची खरेदी-विक्रीची बिलं, त्यांचे पॅन क्रमांक, बँकेची खाती. त्यातले दोघे आमच्याच ओळखीतले, एकाच्या घरी तर आमचं जाणं-येणं आहे. सासऱ्यांनी ते मुद्दाम उघडून पाहिलं असतं असं मी म्हणत नाही, पण ज्या माणसाने तिच्यावर विश्वासाने कागद सोपवले, त्याने ते आमच्या बैठकीच्या खोलीसाठी दिले नव्हते. सासऱ्यांसमोर हे तिने कसं बोलावं? मग मीच बोलले. म्हटलं, "बाळ, प्रिंटर जोड. ड्राइव्ह नको." तो म्हणाला, "काकू, घरातल्या घरात कसला पासवर्ड?"

माझं मत मी इथे सरळ मांडते. एकत्र घरात स्वयंपाकघर एक असतं, पाण्याची टाकी एक असते, पण प्रत्येकीच्या कपाटाची किल्ली वेगळी असते. त्याचा अर्थ कुणावर अविश्वास असा आपण कधी घेतला नाही. दोन संगणक जोडताना काय सगळ्यांचं आणि काय ज्याचं त्याचं, हे ठरवणं तंत्रज्ञाचं काम नाही. तो सोपं ते करणार, त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चार घरं करायची असतात. ठरवायचं घरातल्यांनी, आणि त्या बैठकीत घरातल्या बायका हव्यात. बहुतेक घरांत त्या नसतात, चहा करत असतात. मीही चहाच करत होते, पण कान दारात होते.

पोरग्याने तासभर खटपट केली. वरचा प्रिंटर काही खालच्या संगणकाला दिसेना. "तुमचा खालचा संगणक जुना आहे, नवीन घ्या," असं सांगून तो गेला.

तिथून पुढचं मी आणि सूनबाईने केलं. मला त्यातलं काही येत होतं असं नाही. माझ्याकडे मुलाने पूर्वी कधीतरी लिहून दिलेला एक कागद होता, त्यावर "होमग्रुप उघडा" असं लिहिलेलं. दोघींनी दोन्ही संगणकांत ते होमग्रुप शोधलं, नाहीच. मग कळलं की ती सोय विंडोज सेव्हनबरोबर आली होती आणि २०१८ साली विंडोज टेनमधून काढून टाकली. तुमच्याही वहीत असा कागद असेल तर फाडून टाका, उगाच दुपार वाया जाते.

मग सूनबाई म्हणाली, "आई, दोन्हींचे पत्ते बघूया." घरातल्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक पत्ता मिळतो, चार आकड्यांचा. तो बघायचा तर कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग असं टाइप करायचं. मी खाली बसले, ती वर, आणि फोनवर एकमेकींना आकडे सांगून वहीत समोरासमोर लिहिले. डावीकडे खालचा, उजवीकडे वरचा, रोजमेळासारखे. खालचा पत्ता १९२.१६८.१.७. वरचा १९२.१६८.०.१०५. आकडे समोरासमोर आले आणि तिसऱ्या रकान्यात फरक दिसला. एकाचा १, दुसऱ्याचा ०.

पहिले दोन आकडे तुमच्याकडेही बहुधा हेच असतील. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या, कचेरीतल्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून सांगलीतही तेच आणि सोलापुरातही तेच. घरातल्या साध्या जोडणीत पहिले तीन आकडे सारखे असले की यंत्रं एका गल्लीत राहतात, एकमेकांना हाक मारू शकतात. चौथा आकडा म्हणजे घर क्रमांक. आमचे दोन संगणक एका छपराखाली, पण दोन गल्ल्यांत राहत होते. संगणकाच्या वयाचा त्यात काहीच संबंध नव्हता.

असं का झालं, तेही मग उलगडलं. वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नव्हतं म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वी वर दुसरा राउटर बसवून घेतला होता. खालच्या राउटरमधून एक केबल जिन्याच्या कडेने वर नेली आणि वरच्या राउटरच्या वॅन लिहिलेल्या खाचेत घातली. तेवढं केलं की इंटरनेट चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण वरचा राउटर मग स्वतःचं वेगळं बिऱ्हाड मांडतो. त्याच्याखालच्या यंत्रांना तो आपल्या मनाने पत्ते वाटतो आणि मधलं दार लावून घेतो. वरून खाली वाट असते, पण खालून वरचं काही दिसत नाही. सूनबाईच्या कडीवरून एवढं झालं, आणि ही दुसरी कडी दोन वर्षं कुणाला दिसली नव्हती.

उपाय फार मोठा नाही. घरात एकच जण पत्ते वाटणार असं ठरवायचं. काही राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट असा पर्याय असतो, तो निवडला की झालं. आमच्या वरच्यात तो नव्हता. मग त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. खालचा राउटर तो आकडा दुसऱ्या कुणाला देत नाही ना, हे अगोदर पाहून घेतलं. मग डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटण्याचं काम बंद केलं. शेवटी केबल वॅनच्या खाचेतून काढून तिच्या शेजारच्या साध्या खाचेत, लॅन लिहिलेल्या, घातली. वॅनच्या खाचेचा रंग बहुतेक राउटरवर वेगळा असतो, त्यामुळे चुकायला होत नाही. दोन्ही राउटर बंद करून सुरू केले. वहीत पुन्हा आकडे लिहिले. वरचा झाला १९२.१६८.१.१२. सूनबाई वरून ओरडली, "आई, एक आला, एक आला!" खाली हे पेपर वाचत होते, त्यांना वाटलं कुणी पाहुणा आला.

राउटरच्या सेटिंगमध्ये गेलोच होतो, तर आणखी एक गोष्ट केली. त्याचा आतला पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. राउटरचा हा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला बदलायचा असतो हे फार थोड्या घरांत ठाऊक असतं. दोन्ही बदलले. पाहुण्यांसाठी आणि मुलांच्या मित्रांसाठी वेगळं गेस्ट वायफाय सुरू केलं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण घरातले संगणक आणि प्रिंटर दिसत नाहीत. मात्र एक लक्षात ठेवा, घरातलंच एखादं यंत्र चुकून गेस्टवर जोडलं गेलं तर त्यालाही प्रिंटर दिसणार नाही. आमच्या मोबाइलचं तसं झालं आणि आम्ही अर्धा तास प्रिंटरला दोष देत बसलो.

आता जोडणी. दोन्ही संगणकांत नेटवर्कच्या पानावर जाऊन घरचं नेटवर्क प्रायव्हेट आहे असं सांगावं लागतं. पब्लिक ठेवलं तर विंडोज समजतं की आपण रेल्वे स्टेशनवर बसलोय आणि स्वतःला झाकून घेतं. स्टेशनवर ते बरोबरच आहे. मग प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या पानावर एक खूण करायची आणि प्रिंटरला साधं नाव द्यायचं. फायरवॉल बंद करावी लागली नाही, पासवर्डही काढावा लागला नाही. त्या पोरग्याला दहा मिनिटं वाचवायची होती, एवढंच.

पासवर्डवर मात्र आमची एक संध्याकाळ गेली. सूनबाई संगणक उघडते ती चार आकडी पिनने. तो पिन दुसऱ्या संगणकावरून चालत नाही, तिथे खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज बाहेरून आत घेत नाही. ह्यांना तिचा पासवर्ड देणं हा मार्ग मला मान्य नव्हता. शेवटी वरच्या संगणकावर "घर" नावाचं वेगळं साधं खातं काढलं, त्याला वेगळा पासवर्ड दिला, आणि "घर" याच नावाचा एकच फोल्डर त्या खात्यासाठी उघडा केला. प्रिंटर आणि तो फोल्डर, बस. बाकी वरचं सगळं वरच राहिलं. सूनबाईने हे होताना काही म्हटलं नाही, पण त्या रात्री भाकऱ्या करायला ती माझ्याआधी ओट्याशी उभी होती.

खालून पहिलं पान छापलं ते मंदिराच्या दिवाबत्तीच्या खर्चाचं. वर प्रिंटर घरघरला, सूनबाईने पान घेतलं आणि धाकट्या नातवाच्या हाती खाली पाठवलं. हे म्हणाले, "बरं आहे." आमच्या घरात एवढं म्हणजे पुष्कळ.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण आमची एक मोठी चूक अजून बाहेर यायची होती. महिन्याभराने सूनबाई आठ दिवस माहेरी गेली आणि तिचा संगणक बंद होता. खालून छापायला गेलो तर काहीच नाही. प्रिंटर तिच्या संगणकाला बांधलेला, संगणक झोपला की प्रिंटरही झोपतो. शिवाय ह्यांना बिलं स्कॅन करायची होती. तेव्हा कळलं की विंडोजमधून असा प्रिंटर शेअर केला तर फक्त छपाई मिळते, स्कॅनर मिळत नाही. हे पुन्हा पेनड्राइव्ह शोधू लागले.

मी वर जाऊन प्रिंटरकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. त्याच्या कपाळावर वायफायची खूण होती! तीन वर्षं तिथे होती. मी रोज धूळ पुसते त्या खुणेवरची. प्रिंटरला स्वतःलाच घरच्या जाळ्यात जोडता येत होतं, मधे कुठल्याच संगणकाची गरज नव्हती. सूनबाईला फोन लावला, ती आधी गप्प झाली आणि मग इतकी हसली की तिच्या आईने विचारलं काय झालं म्हणून.

म्हणजे आधीची सगळी मेहनत फुकट गेली का? नाही. दोन गल्ल्यांचा घोळ तसाच असता तर हा वायफायचा प्रिंटरही खालच्या संगणकाला दिसला नसता. पण क्रम मात्र आमचा चुकला. तुम्ही करायला घेतलंत तर आधी प्रिंटरवर वायफायची खूण किंवा मागे केबलची खाच आहे का ते पाहा. असेल तर तो थेट राउटरला जोडा आणि दोन्ही संगणकांवर स्वतंत्रपणे बसवा. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवता येतो, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि "काल तर चालत होता" हे सुरू होतं. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहेच. संगणकामार्फत शेअर करायचं ते प्रिंटरला ही सोय नसेल तरच.

ड्रायव्हर बसवताना संगणक आता मुख्य खात्याचा पासवर्ड मागतो. २०२१ साली विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत एक मोठी फट सापडली होती, प्रिंटनाइटमेअर नावाने ती गाजली, आणि त्यानंतर हा नियम कडक केला. असा पासवर्ड मागितला तर वैतागू नका. आणि जुनं यंत्र चालावं म्हणून कुणी एसएमबी वन सुरू करा असं सांगितलं तर सरळ नाही म्हणा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातकी प्रोग्रामने जगभरातले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली होती, तो एका यंत्रातून दुसऱ्यात पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या फटीतून. जोडणीचा फायदा जसा दोघांना मिळतो तसा रोगही दोघांना लागतो. म्हणून आमच्या ह्यांच्या जुन्या संगणकाची काळजी मला जास्त आहे. विंडोज टेनची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नोंदणी केली तर सुरक्षेपुरती मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, ती आम्ही केली आहे. त्यानंतर मात्र त्या पोरग्याचं म्हणणं खरं ठरणार, फक्त वेगळ्या कारणासाठी.

फोटो आणि हिशेब ठेवतो ती बाहेरची हार्ड डिस्क आम्ही जाळ्यात ठेवलेली नाही. महिन्यातून एकदा लावते, प्रत काढते, आणि काढून माझ्या कपाटात ठेवते. सतत लावून ठेवलेली डिस्क संगणकाबरोबरच बुडते.

हे सगळं मी एका वहीत लिहिलं आहे. दोन्ही राउटरचे पत्ते, प्रिंटरचा पत्ता, कुठली केबल कुठल्या खाचेत, पासवर्ड कोणते आणि कधी बदलले. वही देव्हाऱ्याखालच्या खणात असते आणि ती कुठे आहे हे घरातल्या चौघांनाही माहीत आहे. "पासवर्ड कागदावर लिहायचे नसतात" असं मला एका भाच्याने सुनावलं. लिहायचे नसतात ते कचेरीत, टेबलावर चिकटवून. घरात, कुलपाच्या खणात, ते लिहिलेलेच बरे. माझ्या एका मैत्रिणीचे यजमान दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. संगणक त्यांचा, वायफाय त्यांच्या नावाचं, पासवर्ड त्यांच्या डोक्यात. तेराव्यानंतर ती बाई विम्याचा कागद शोधायला बसली तर समोर नुसती पासवर्डची चौकट. मुलगा परदेशात, इंटरनेटवाला म्हणे ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच फोन करायला सांगा. ती मला म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं एका घरात राहिलो गं, आणि मला त्या घराचं दार उघडता येईना."

त्या दिवसापासून मी ह्यांच्या मागे लागले होते की पैशांच्या कागदांची एक यादी मला द्या. "तुला काय करायचंय, मी आहे ना," हे उत्तर. रागाने नव्हे, मायेनेच म्हणायचे, पण देत नव्हते. मी हिशेबाची पदवी घेतलेली बाई, आणि या घरात फक्त दूधवाल्याचा हिशेब माझ्याकडे. बी.कॉम.चं प्रमाणपत्र सासरी आणलं त्या ट्रंकेतच आहे. यावर मी पूर्वी कधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं भांडण झालंच नाही. ते राहून गेलं, एवढंच.

"घर" फोल्डर झाला तेव्हा त्यात आधी माझे पाठशाळेचे कागद गेले. मग सूनबाईने विजेची बिलं टाकली, मुलाने गाडीच्या विम्याची प्रत. हे रोज उघडून पाहायचे आणि बंद करायचे. मी काही विचारलं नाही.

मागच्या मंगळवारी दुपारी वामकुक्षीनंतर खाली आले तर हे संगणकापाशी नव्हते, अंगणात तुळशीला पाणी घालत होते. फोल्डर उघडला. त्यात एक नवी फाइल होती, नाव "ठेवी व विमा". सात पोस्टाच्या, चार बँकेच्या, दोन विम्याच्या नोंदी, वारसाचं नाव प्रत्येकीपुढे. मी सावकाश वरपासून खालपर्यंत वाचली. दोन ठेवींच्या मुदतीच्या तारखा चुकल्या होत्या आणि एक बेरीज जुळत नव्हती. दुरुस्त केल्या, आणि वर प्रिंटरला एक प्रत पाठवली.